नावं लपवायचं बटण

लातूरच्या प्रशिक्षणात मी शिक्षकांना वर्गात मोबाईल कसा वापरायचा ते शिकवते. सुरुवातीलाच बजावते, निकाल टीव्हीवर लावायचा असेल तर आधी नावं लपवा. का, असं कुणी विचारलं की विषय बदलते. आज सांगून टाकते.

बिलोलीकडच्या शाळेत माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. घरात तेलुगू, शाळेत मराठी. तोंड उघडलं की तेलुगूचा हेल यायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची. मी पोरांवर खेकसायचे, तर ती आणखीच मिटायची. माझा आवाज मोठा आणि धीर छोटा, हे घरचेही सांगतात.

मग मी कार्डांची युक्ती शिकले. प्रत्येक पोराला एक कार्ड, त्यावर काळे चौकोन आणि चार बाजूंना अ, ब, क, ड. प्रश्न टीव्हीवर दिसायचा. पोरांनी उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं आणि मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते फक्त माझ्या मोबाईलवर यायचं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, त्यामुळे शेजाऱ्यालाही पत्ता लागत नसे.

पहिल्याच दिवशी तिनं कार्ड धरलं. दहातली सात बरोबर! सुट्टीत तिला हळूच सांगितलं.

"दुसऱ्यायला कळलं का, मॅडम?"

"न्हाई गं. फक्त मला."

"मग उद्या बी घ्या."

दोन महिने रोज घेतलं. कुठं अडतंय ते कळायचं, तेवढंच दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायचे. ती मागच्या भिंतीपासून सरकत सरकत पहिल्या ओळीत आली.

माझं कौतुक व्हायला लागलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. नांदेडहून साहेब वर्ग बघायला आले. नावं लपवायचं बटण मला चांगलं माहीत होतं. पण नुसते आकडे बघून साहेबांना काय वाटणार? मी सगळ्यांची नावं टीव्हीवर लावली, बरोबर ती हिरवी, चूक ती लाल. अपूर्णांकाच्या एका प्रश्नाला एकच नाव लाल होतं, तिचं.

"ही कोण? उभी राहा बघू," साहेब म्हणाले. "सांग, अर्धा मोठा का पाव?"

हे तिला येत होतं. तिनं बरोबर सांगितलं, पण त्या हेलात. वर्ग हसला. साहेबही हसले. आणि माझा वर्ग कच्चा वाटू नये म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, "घरी तेलुगू बोलतात ना साहेब, म्हणून जरा मागं हाय." हे बोलताना मीही हसले. ते हसू आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

साहेबांनी शेरेबुकात छान लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कार्डं घेतली. मोबाईल तीनदा फिरवला, तरी तिच्या नावापुढं काहीच उमटेना. बघते तर ती पुन्हा मागच्या भिंतीशी बसलेली. कार्ड धरलं होतं, पण छापलेली बाजू छातीशी लावून.

मी जवळ जाऊन म्हटलं, "अगं, कार्ड फिरव. मला दिसंना."

तिनं फिरवलं नाही. खाली बघत म्हणाली, "आता तुमाला बी कळायला नको, मॅडम."