मापाड्याची बॅटरी

ऑफिसात त्याला सगळे मापाडी म्हणत. बाजारातला मापाडी धान्य मोजतो, हा वायफाय मोजायचा. छताला वायफायचे डबे ठोकण्याआधी कुठून कुठवर पोचतं ते बघावं लागतं. त्यासाठी हा एक डबा उंच दांडीवर चढवायचा, खाली बॅटरी जोडायची आणि लॅपटॉप छातीशी धरून कानाकोपरा पालथा घालायचा. अर्धवट बांधलेल्या इमारतीत प्लग कुठून असणार? म्हणून बॅटरी. लहान सुटकेसएवढी, खांदा निखळेल इतकी जड, आणि कडेला घरातल्यासारखा प्लग. ती चालली तर हा मापाडी, नाही तर दांडी धरून उभा असलेला कुणीतरी माणूस.

गिऱ्हाइकांना त्याचा एकच उपदेश असे. "फोनवरच्या काड्या बघून खूश होऊ नका. मोजा, मग बोला." तो तोंड उघडायच्या आत ऑफिसातली मंडळी हे वाक्य पूर्ण करून टाकत.

घरी बायकोची फुप्फुसं कामातून गेली होती. पलंगाशेजारी प्राणवायूचं मशीन घुरघुरत असायचं आणि त्याची नळी तिच्या नाकात. वीज गेली की मशीन मुकं. आणि त्यांच्या भागातली वीज म्हणजे रुसका जावई, कधी उठून जाईल सांगता यायचं नाही. मशीनशिवाय ती तीन-चार तास तग धरायची, पण तो तग बघवत नसे. म्हणून मापाड्याने साहेबांना गळ घालून बॅटरी घरी न्यायची परवानगी मिळवली. बाहेरचं काम असेल तेव्हा बॅटरी त्याच्याबरोबर, ऑफिसात बसायचं असेल तेव्हा बायकोपाशी.

पहिल्याच महिन्यात घात झाला. संध्याकाळी वीज गेली आणि मशीनने बॅटरी पिऊन टाकली. रात्रभर वीज येत-जात राहिली, सकाळी बॅटरी जेमतेम निम्मी भरली होती. भागेल, असं म्हणून हा तशीच घेऊन गेला. एका अवाढव्य गोदामात, काम अर्ध्यावर असताना, दांडीवरचा डबा विझला. गोदामाचा मॅनेजर हमालांसमोर म्हणाला, "वऱ्हाड आलं, नवरदेव घरी राहिले वाटतं!" सगळे खो खो हसले. मापाडी घरी आला, बॅटरी पलंगाशी आदळली आणि म्हणाला, "तुझा श्वास मला फार महागात पडतोय."

बोलला, जेवला आणि विसरला. मनाने वाईट नव्हता तो. पण असं बोलून विसरणं मनाने चांगल्या माणसांनाच जमतं. वाईट माणसं निदान लक्षात तरी ठेवतात.

पुढे तो ऑफिसच्या दिवशी न चुकता बॅटरी तिच्या हाताशी ठेवून निघायचा. परत आला की विचारायचा, "लाइट गेली होती?"

"गेली होती की. दुपारभर."

"बॅटरी लावलीस ना?"

"हो."

तो वाकून बघायचा. बॅटरीवरच्या चारही काड्या भरलेल्या! काय बॅटरी आहे, असं तो कौतुकाने म्हणायचा, ती नुसती हसायची. ऑफिसातही त्याने बॅटरीचे गोडवे गायले, "दिवसभर ओढा, हूं की चूं करत नाही." त्याच्या शब्दावर साहेबांनी आणखी दोन मागवल्या. दांडीवरच्या डब्याच्या कितीतरी पट वीज ते मशीन खातं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या घरी त्याने आधी मोजलं असतं.

मग एका दुपारी त्याच गोदामवाल्याचा फोन आला. नवी शेड मोजायची होती, आजच्या आज. साहेब म्हणाले, "नव्या बॅटऱ्या अजून आल्या नाहीत. घरून बॅटरी उचला आणि थेट पोचा. या खेपेला फजिती झाली तर काम हातचं जाईल, आणि तुमचंही मला काही सांगता येणार नाही."

घरी लिफ्ट बंद होती, वीज गेलेली. जिने चढून त्याने आपल्या किल्लीने दार उघडलं. बायको पलंगाच्या काठावर, गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकली होती. ओठ काळेनिळे पडलेले. मशीनची वायर भिंतीच्या मेलेल्या प्लगात तशीच, आणि बॅटरी हाताच्या अंतरावर, बंद.

त्याने धडपडत वायर बॅटरीला लावली. मशीन घुरघुरलं. बऱ्याच वेळाने तिच्या ओठांवर रंग आला.

"अगं, बंद का ठेवलीस? रोज लावते म्हणायचीस ना?"

"खरं सांगत बसायचं तर," ती थांबत थांबत म्हणाली, "त्यालाही दम लागतो."

चार काड्यांतली एक त्याच्या डोळ्यांदेखत विझली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, आणि फोन ऐकताच तिचा हात आपसूक बॅटरीच्या बटणाकडे गेला. सवयीचा हात होता तो. त्याने मनगट धरलं.

"न्या तुम्ही," ती म्हणाली. "उगाच पुन्हा महागात पडायचा."

आता त्याला आठवलं. फोनवर साहेब विचारत होते, निघालात का?

"बॅटरी पुरणार नाही, साहेब."

"अहो, तुम्हीच म्हणायचात ना, दिवसभर ओढा म्हणून?"

"मी मोजलंच नव्हतं," मापाडी म्हणाला.

पलीकडे साहेबांचा आवाज चढत गेला. त्याने फोन ठेवला तरी त्याच्या मुठीतल्या मनगटाने ती जोर लावतच होती, होता नव्हता तेवढा सगळा, त्या बटणाकडे.