कुंकवाची जागा

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी तीन वाजता रावेतची एक तरुणी काळेवाडीतल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आली. चार वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती आणि लॅपटॉपचा स्क्रीन आपोआप काळवंडत होता.

दुकानदार माझ्या ओळखीचा. गिऱ्हाइकाचं बोलणं पूर्ण ऐकण्यात तो वेळ घालवत नाही. निदान दारातच करतो.

"लिनक्स टाकलंय ना? मग भोगा. विंडोज टाकून देतो ताई, उद्या या."

"भाऊ, मुलाखत आज आहे."

चाळीस मिनिटं त्याने सेटिंग बदलल्या आणि लिनक्स बनवणाऱ्यांची अक्कल काढली. ब्राइटनेस वाढवला की पुन्हा उतरायचा. मग त्याने स्क्रीनची वरची कड निरखून पाहिली. असं क्वचित होतं. कॅमेऱ्याशेजारी, उजेड मोजणाऱ्या सेन्सरवर नेमकं कुंकू होतं. लॅपटॉपच्या मते खोलीत अंधार होता.

"आईने दसऱ्याला पूजा केली," ती ओशाळून म्हणाली.

"पूजा बरोबरच आहे. जागा चुकली."

त्याने कुंकू टिपून घेतलं, दुकानातल्या देवापुढच्या कुंकवाचं नवं बोट लॅपटॉपच्या झाकणावर लावलं आणि हात जोडले. लिनक्सची माफी मागितली नाही.

चार वाजता त्याच्याच काउंटरवर मुलाखत सुरू झाली. पाऊण तास स्क्रीन उजळ राहिला. तेवढा वेळ दुकानदार बाहेर पायरीवर बसून होता.