नेटवर्क नव्हतं

अनसिंग गाव सोडलं तेव्हा माझी मुलगी मैत्री घरामागे शेळीची पिल्लं पाहत होती. ती दोन वर्षांची होती. मी नजरेआड झाले की रडायची, म्हणून आईने तिला मुद्दाम मागे नेलं. जाताना मला म्हणाली, "निंघा आता. पाह्यलं तर पोरगी सोडनार नाही तुले." नवरा आणि मी चपला हातात घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडलो. वाशीमला पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलो.

पुण्यात त्याला कारखान्यात फिरती शिफ्ट होती, मला वर्तमानपत्राच्या डेस्कवर संध्याकाळची. पाळणाघर बंद व्हायचं त्याच सुमाराला माझं काम सुरू व्हायचं. सहा महिने मुलगी माझ्या आई-आबांकडे राहील, असं ठरलं होतं. ती चार वर्षं राहिली. त्यांनी तिला बोलायला शिकवलं, अंगणवाडीत नेलं.

रविवारी व्हिडिओ कॉल असे. दोन वेण्या, तोंडाला पावडर अशी मैत्री बाबासाहेबांच्या फोटोखाली बसलेली असायची आणि शेवटी 'जय भीम' म्हणायची. एखाद्या रविवारी फोन लागत नसे. सोमवारी आई सांगायची, "नेटवर्क नोतं." खात्री केल्याशिवाय बातमी पुढे न सोडणं हे माझं काम. ही बातमी मी दर वेळी तशीच सोडली.

एकदा सुट्टीत गेले असताना मैत्रीने हाताच्या पाठीवरचा डाग दाखवला. "इथं सलाईन लावली होती मले, वाशीमले. तवा तुमी नोते."

आई भाकरी थापत होती. मी विचारलं तरी हात थांबले नाहीत. "सांगून का करनार होती तू? येईपर्यंत पोरगी बरी झाली असती. झालीच ना."

बाजेवरून आबा म्हणाले, "टावरवाल्याले फुकट बदनाम केलं तुह्या मायनं."

मला राग यायला हवा होता. मला हायसं वाटलं. तेव्हा दवाखान्यात मी नव्हते, आणि आपण नाही आहोत हे मला कळलंही नव्हतं. गाव सोडून आलेल्यांपैकी ज्यांची मुलं मागे आहेत, त्यांना हे हायसं वाटणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

यंदा पहिलीसाठी तिला पुण्याला आणलं. निघायच्या सकाळी आबा वावरात गेले. पेरणीला अवकाश होता, वावरात काही काम नव्हतं. कोणी त्यांना थांबवलं नाही. मैत्री फाट्यापर्यंत विचारत राहिली, "आबा काहून नाही आले?" चपला हातात घेऊन कसं निघतात, हे मला माहीत होतं.

आता ती शाळेत 'मला' म्हणते आणि आजीच्या फोनवर 'मले'. दोन्हींत चूक करत नाही. पुण्यातल्या फ्लॅटला ती 'तुमचं घर' म्हणते. मी ते अजून दुरुस्त केलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तिला ताप आला. रविवारी स्क्रीनवर आईचं नाव दिसलं, तसा तिने पांघरुणातून हात काढून माझं मनगट धरलं.

"उचलू नको. आजी रडते मंग. उद्या सांग, नेटवर्क नोतं."

फोन वाजत राहिला. चार वर्षं ज्या टोकाला मी होते, त्या टोकाला आता आई-आबा होते. त्यांना तिथे मीच नेऊन बसवलं होतं. मी फोन उचलला नाही.

सोमवारी आईला सांगितलं, नेटवर्क नव्हतं. तिने विचारलं,

"किती ताप हाय पोरीले?"