आसरा वर आल्या

साक्रीहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघदर नावाचं खेडं आहे. तिथं कमलबाई ओळखली जायची ती तोंडासाठी. भाकरी करपली तर ही बाई चुलीशीही भांडते, असं तिचा नवरा अभिमन सांगायचा. अर्थात, ती घरात नसताना.

१९८५ साली ऐन पेरणीत कमलबाईला नारू झाला. घोट्यावर फोड आला, फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावला. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून जायबंदी होतो. पेरणी दुसऱ्यांनी केली, कमलबाई खाटेवर पडून राहिली. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. नारू म्हणजे वर्षाचा पाहुणा, येतो आणि जातो, अशीच समजूत होती.

उपकेंद्राच्या नर्सबाई मंदाबाई तिचा पाय बघायला आल्या, तेव्हा त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. गावची विहीर पायऱ्यांची. नारूचा पाय पाण्यात घातला की आग थांबते, म्हणून प्रत्येक जण पाय घालतो. नेमका तेव्हाच किडा पाण्यात पिल्लं सोडतो. तेच पाणी गाव पितं आणि वर्षाने तेच गाव खाटेवर पडतं.

"म्हणजे मना पायनी गावले नारू दिन्हा?" कमलबाईने विचारलं.

"आणि गावाने तुम्हाला," मंदाबाई म्हणाल्या.

गावासाठी आरोग्य रक्षक नेमायचा होता. सरपंचांनी दोन-तीन गोड बोलणारी शिकलेली मुलं सुचवली. मंदाबाईंनी कमलबाईचं नाव घेतलं आणि चावडीवर हशा पिकला. "विहिरीवर गोड बोलून भागणार नाही," एवढंच मंदाबाई म्हणाल्या.

पाय बरा झाल्यावर कमलबाई विहिरीच्या तोंडाशी बसू लागली. पंचायतीने पलीकडच्या बाजूला रहाट बसवला होता, पण पिढ्यांची सवय पायऱ्यांचीच. बाया हंडा घेऊन खाली उतरायच्या आणि वरून कमलबाईचा आवाज यायचा.

"पाय काढ वं बाहेर! घरमा पाय धुवाले पानी नही का?"

"तुना बापनी विहीर शे का?"

"बापनी नही, बठ्ठा गावनी शे. म्हनीसनच सांगस!"

तिने दुहेरी धोतराच्या कापडाच्या गाळण्या घरोघर दिल्या आणि माठावर त्या बांधल्या आहेत की नाहीत, हे न विचारता स्वयंपाकघरात शिरून पाहिलं. भांडणं पूर्वीही व्हायची, पण ती शेळी, बांध आणि उकिरड्यावरून. आता भांडण संपल्यावर घरी येऊन ती शांत झोपायची. अभिमनला ही गोष्ट सगळ्यांत आधी कळली. पुढच्या पावसाळ्यात गावात नारू कमी झाला, तेव्हा ती मंदाबाईंना म्हणाली, "बाई, हाई काम मनं शे."

पण पायऱ्या अजून उघड्या होत्या. त्या बुजवायच्या तर अडचण होती आसरांची. शेवटच्या पायरीजवळच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या सात आसरा, पाण्यातल्या देवी. बाळंतीण सव्वा महिन्याने विहीर पुजायला जायची, खाली उतरून पाण्यात पाय बुडवायची आणि आसरांची ओटी भरायची. ते झाल्याशिवाय तिने घरचं पाणी भरायचं नाही. या पूजेचा मान होता भिकुबाईचा. गावातली सर्वांत वडीलधारी बाई, आणि तिच्याशी कमलबाईचा आठ वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण पापड. कमलबाईच्या शेळीने भिकुबाईच्या खाटेवर वाळत घातलेले नागलीचे पापड खाल्ले होते. माफी मागायची सोडून कमलबाई भर गल्लीत म्हणाली होती, "पापड शेतस का चामडं? मनी बकरीना दात पडनात!" ते वाक्य अजून गावात चालत होतं.

१९८७ साली कमलबाईची सून लता बाळंत झाली. पूजेचा दिवस जवळ आला आणि लताच्या घोट्यावर फोड दिसला. तो नारूचा आहे, हे कमलबाईला सांगायला कुणी लागलं नाही.

सुनेला खाली उतरवलं तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती, आणि उद्या कुणाला अडवायला तिला तोंड राहणार नव्हतं. तिने तिच्या स्वभावाप्रमाणे जाहीर करून टाकलं की आमच्या घरी पूजा होणार नाही. तिने पायऱ्यांवर बोरीच्या काट्या रचल्या. सकाळी काट्या बाजूला फेकलेल्या होत्या. बाया आता तिच्या अंगावरून सरळ खाली उतरू लागल्या. "नातूले काही व्हयनं ते आसरासले सांगजो," एक जण जाता जाता बोलून गेली. घरी लता बाळाला पोटाशी धरून रडत होती. 

दुपारी कमलबाई भिकुबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अक्का, पूजा करनी शे. पन पोरीना पायले नारू शे. पानीमा पाय घालता येवाव नही."

भिकुबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. सुपातले खडे वेचत म्हणाली, "बहात्तरना दुष्काळमा गाळ काढा, तवय आसरा वर पिंपळखाल आन्या व्हत्यात. कोन्ही मरनं नही." मग सूप बाजूला ठेवून तिने कमलबाईकडे पाहिलं. "पन मना पापड चामडं व्हतात ना?"

काय हवं आहे, ते कमलबाईला कळलं.

पूजेच्या सकाळी सगळं गाव विहिरीवर जमलं. त्या गर्दीत कमलबाई भिकुबाईसमोर गेली. "मनं चुकनं, अक्का. पापड चांगला व्हतात."

"जोरमा सांग," भिकुबाई म्हणाली. "पुना आबाले ऐकू नही ऊनं."

पुना आबा ठार बहिरा होता. ज्या आवाजाने दोन वर्षं गावाला पायऱ्यांवरून हुसकावलं, त्याच आवाजात कमलबाई ओरडली, "पापड चांगला व्हतात! चूक मनी आन मनी बकरीनी!"

गाव हसलं. भिकुबाईही हसली, तोंडाला पदर लावून. मग ती स्वतः पायऱ्या उतरली आणि एकेक दगड पदरात घेऊन वर आली. सात आसरा विहिरीवरच्या पिंपळाखाली बसल्या. लताने तिथेच ओटी भरली आणि गाळलेल्या पाण्याने पाय धुतले. ते पाणी विहिरीत न जाता मातीत मुरलं. त्याच आठवड्यात गावातल्या माणसांनी पायऱ्यांच्या तोंडाशी दगडमातीची भिंत घातली. भिंतीला पहिला दगड कमलबाईने लावला. तो वाकडा बसला, पण तो सरळ करायची कुणाची हिंमत झाली नाही.

१९९४ साली तपासणीसाठी बाहेरून डॉक्टर आले. त्यांनी रोगाचं चित्र दाखवून घरोघर विचारलं. लहान मुलांना ते चित्र गांडुळाचं वाटलं. कमलबाईने लुगडं घोट्यावर ओढून आपला जुना वण दाखवला. गावात दाखवण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

त्याच वर्षी एक नवी बाळंतीण पूजेला आली. माहेरी तिने आसरा पाण्याजवळच पाहिल्या होत्या. तिने विचारलं, "अक्का, इथल्या आसरा वर कशा?"

भिकुबाई आता काठीवर वाकली होती, पण आवाज तोच. "आमना गावमा आसरा पयलेपासून वरच शेतस," ती ठणकावून म्हणाली.

बाकीच्या बायांनी कमलबाईकडे पाहिलं. आता भांडण होणार, अशी त्यांची खात्री होती.

कमलबाईने रहाटाचा दोर ओढून घागर वर घेतली, तिच्या तोंडावर गाळणी लावली आणि पाणी नव्या बाळंतिणीच्या कळशीत ओतलं.