बिनफेसाची बाटली

सोलापुरात भांडी घासणाऱ्याची खरी परीक्षा परातीत होते. भाकरीचं पीठ मळून झालं की परातीच्या कडेला जे वाळून बसतं, ते नखाने खरवडावं लागतं. मी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट. एन्झाइम घालून भांड्यांचा असा साबण करायचा, की वीस मिनिटं भिजवल्यावर ते पीठ आपसूक सुटावं आणि मोरीतलं पाणी कुंडीत ओतलं तरी रोप जगावं, हे काम माझ्याकडे होतं. दीड वर्ष मी त्यापायी घरच्यांचं डोकं खाल्लं. शेवटी जमलं. पाण्यासारखं नितळ, रंग नाही, वास नाही आणि फेस जवळजवळ नाहीच. मला त्या बिनफेसाचाच गर्व होता. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात एकाच पाण्यात भांडं निघतं म्हणजे काय, हे मी भेटेल त्याला ऐकवायची.

आता घरोघरी चाचणी घ्यायची होती. पण लोकांना नवीन साबण आहे म्हटलं, की लगेच भांडी चिकट वाटायला लागतात. म्हणून कुणाला न सांगता करायचं ठरवलं. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी कॉलनीत आणखी तीन घरी जायच्या. त्यांना मी बाटली दिली आणि बजावलं, "वीस मिनिटं भिजू द्यायचं, मधे हात लावायचा नाही. त्यांच्या घरचा साबण वापरायचा नाही. आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

"मग तवर म्या काय करू?"

"बसा की निवांत."

"बसून कुटं भांडी निगत्यात व्हय?" म्हणत त्या हसल्या आणि बाटली पिशवीत टाकली.

दुसऱ्यांच्या ताटांना त्यांना न विचारता आपण काहीतरी लावतोय, हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. साबणाने अपाय होत नाही हे मला माहीत होतं, तेवढं मला पुरे वाटलं.

पंधरा दिवसांनी भाजीच्या गाडीपाशी काकू भेटल्या. या काकू निवृत्त शिक्षिका, मागच्या गल्लीत राहणाऱ्या. मावशी त्यांच्याकडे सगळ्यात जुन्या, आणि बाकीची घरंही काकूंच्याच शब्दावर मिळालेली. मेथीची जुडी हातात धरून काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडेही तीच येते ना? माझी साबणाची वडी पंधरा दिवसांत जराही झिजली नाही. मी आडून बघितलं. भांड्यांवर नुसतं पाणी ओतते आणि पायरीवर बसून राहते. फेसाचा पत्ता नाही. तुझं तर कामच साबणाचं. फेस नाही म्हणजे साबण लावलेलाच नाही, हो की नाही?"

'काकू, ती माझी बाटली आहे,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण चाचणीचे आठ दिवस उरले होते. शिवाय तुमच्या ताटांना पंधरा दिवस मी काय लावायला सांगितलंय, हे चारचौघांत कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणाले, "हो ना." वर मानही डोलावली. मग कोवळी भेंडी बघून निवडून घेतली आणि घरी आले.

चार दिवसांनी मावशींनी सांगितलं की काकूंनी त्यांना काढलं, आणि काकूंचं ऐकून आणखी एका घरानेही. "नुसत्या पाण्यानं भांडी काढतीस म्हनल्या. आमाला खरकट्यात जेवाय घालतीस म्हनल्या."

"मग तुम्ही सांगितलं का नाही, ताईंनी बाटली दिलीय म्हणून?" माझा आवाज चढला होता. जणू चूक त्यांचीच.

"तुमीच म्हनला हुता की, कुनाला सांगायचं न्हाय."

मी त्यांच्यासाठी चहा टाकला. उद्याच जाऊन काकूंना सांगते म्हणाले. भाजीच्या गाडीचं मात्र बोलले नाही.

उद्या, परवा करत ते भिजत घोंगडं पडलं. अहवाल तेवढा मी वेळेवर दिला. भांडी स्वच्छ निघतात, तक्रार नाही, फक्त फेस नसल्याने गैरसमज होण्याची शक्यता आहे, असं लिहिलं. एका बाईची दोन घरं गेली, ती मी या 'गैरसमज' शब्दात बसवली. मालकांनी ती ओळ वाचली आणि फेस घाला म्हणाले. मी घातला. त्या फेसाने भांडं निघत नाही, तो फक्त दिसायला आहे. तो धुवायला एक पाणी जास्त लागतं.

साबण दुकानात आला त्या दिवशी मी काकूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"भांडी स्वच्छ निघत होती, हे मला दिसत होतं गं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला कळेना. म्हणून तर तुला विचारलं. तू हो म्हणालीस, म्हणून काढलं तिला."

मला तिथे बसवेना. इतके दिवस मी समजत होते की मी फक्त गप्प राहिले.

काकूंकडे आता दुसरी बाई येते, आणि तिला काढा म्हणायला माझं तोंड नव्हतं. मावशींना मात्र मी घरी येऊन सगळं सांगितलं, भाजीच्या गाडीसकट. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि परात उचलली.

त्या अजून माझ्याकडे येतात. वीस मिनिटं परात भिजते, तेवढा वेळ मोरीपाशी उभ्या असतात. मी तिथे स्टूल आणून ठेवलंय. रोज बसा म्हणते.

"नगं ताई," त्या म्हणतात, "कुनी बगितलं तर?"