हरणांचा घास

कार्डिफच्या बाहेर, जिथून बस परत फिरते, तिथे आमचं घर आहे. मागची बाग उतरत जंगलाच्या कुंपणाला टेकते आणि सकाळी त्या कुंपणापाशी हरणं येतात. सासरे गेल्यावर सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहिल्यांदा हरणं पाहिली आणि म्हणाल्या, "चला, गोग्रासाची सोय झाली."

आयुष्यभर पहिली पोळी गाईची आणि मग आपलं जेवण, हा त्यांचा नेम. इथे गाय कुठून आणणार? पोळी हरणांना सोसत नाही हे कळल्यावर त्या स्टीलच्या वाटीत मूठभर मका घेऊन खाली जायला लागल्या. उजव्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या वाटीवर वाजायच्या आणि झाडीतून माना वर व्हायच्या. परत येताना सासूबाईंचा चेहरा असा असायचा, जसा माझ्या हातचं काहीही खाऊन कधी झाला नाही. मला थोडा हेवाच वाटायचा.

मग एका सकाळी त्या ओल्या उतारावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. हॉस्पिटलात सुजलेल्या हातातून साबण लावून बांगड्या काढल्या, त्या माझ्या कपाटात गेल्या. आणि माझ्या नवऱ्याने, ज्याला प्रत्येक दुःखावर उपकरण सापडतं, ऑटोमॅटिक फीडर शोधायला घेतला. साधा, आपोआप गळणारा नको, खारी आणि कबुतरं एका दिवसात रिकामा करतील. शेवटी तीन पायांवरचं पिंप, खाली मका उधळणारी फिरती चकती आणि टायमर असलेला आला. निवडणं त्याचं, निगा माझी. इथल्या दमट हवेत मका लगेच बुरसतो. दर आठवड्याला पिंप रिकामं करून पुसायचं, तोंडाशी अडकलेला भुसा ब्रशने काढायचा, बॅटरी बघायची. मी हे सगळं चडफडत करायचे.

फीडर उत्तम चालला, तीच अडचण झाली. चकती घरघरली की हरणं धावत यायची. प्लॅस्टर निघालं तरी सासूबाई खिडकीतूनच बघत राहायच्या.

"आता ती डब्याकडे येतात," त्या एकदा म्हणाल्या. "माझं इथे काय काम आहे? दिवाळीआधीचं तिकीट काढ."

"अगं आई, what's the rush?" नवरा म्हणाला. नागपूरच्या बंद फ्लॅटमध्ये त्या एकट्या काय करणार, हे मला कळत होतं. त्या गेल्या तर या घरात माझ्याशी दिवसभर मराठीत भांडणारं कुणी राहणार नाही, हेही कळत होतं. तोंडातून मात्र शब्द फुटेना.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं, यंत्रं पुजायची आणि त्यांना सुट्टी द्यायची. लॅपटॉपला कुंकू लागलं, म्हणून नवऱ्याने ऑफिसचा कॉल फोनवर घेतला. फीडर आवरायला म्हणून मी अंगणात आणला होता. सासूबाईंनी तो तांब्याभर पाण्याने देवासारखा न्हाऊ घातला, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. पाणी झाकणातून आत गेलं. दुसऱ्या दिवशी मका साबुदाण्यासारखा फुगला होता आणि मोटर नुसती कण्हत होती.

"आई! ते waterproof नाहीये गं!" नवरा ओरडला. नवी मोटर यायला वेळ लागणार होता.

सासूबाईंनी वाटी काढली. मी त्यांचा दंड धरून उतारावरून नेलं. हरणं आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्या कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "विसरली मला. बुक केलंस का तिकीट?"

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मोकळ्या मनगटाकडे गेलं. मी धावत वर गेले आणि बांगड्या घेऊन आले. पण हाड जुळल्यावर मनगट जाड झालं होतं, बांगड्या जाईनात. त्यांनी दोनदा जोर लावला. मग माझा हात ओढला, दोन्ही माझ्या हातात चढवल्या आणि वाटी दिली.

"हलव जरा."

मी वाटी हलवली, बांगड्या तिच्यावर वाजल्या. झाडीत एक मान वर झाली, मग दुसरी. हरणी कुंपणापर्यंत आली. माझे डोळे भरून आले आणि इतके दिवस अडकलेलं वाक्य बाहेर पडलं. "आई, नका ना जाऊ."

त्या हरणीकडेच बघत होत्या. मी बांगड्या काढायला लागले तशी त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"असू दे हातात," त्या म्हणाल्या. "रोज खाली यायला मला धरणारं कुणी लागेलच की."