मले नाही, मला

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुनीताला, अर्धं माहीत आहे, कारण ती तेव्हा घरातच होती. पण तिनंही पुन्हा कधी विषय काढला नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असतात तर थाप मारली असती.

तारेपासून सुरुवात करतो — मला ते सोपं जातं.

मी बुलढाण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या खणात निकेल-टायटॅनियमची एक तार आहे. भट्टीत तापवताना तिला त्रिकोणात आवळून धरलं होतं, तेव्हापासून तिच्या अंगात तो त्रिकोण बसलाय. गार असताना तिला सरळ करा, मुडपा, काहीही करा — निमूट राहते. गरम पाण्यात टाकली की वळवळते आणि परत त्रिकोण होते. पोरं टाळ्या वाजवतात. मी म्हणतो, बघा, धातूलासुद्धा आठवण असते. पोरांना वाटतं, सर किती रंगून शिकवतात! त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे तार नसतेच — नाना असतात.

नाना म्हणजे माझे वडील. हायस्कुलात मराठीचे शिक्षक. मूळचे पिंपळगाव राजाचे, पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला पुण्याचे वाटावेत. घरात मला वऱ्हाडी बोलायची बंदी होती. तोंडून 'मले' निघालं की तळहात पुढे करायचा. लाकडी पट्टी असायची, आणि ती कडेनं बसायची. 'मले नाही, मला' — एवढंच म्हणायचे, आवाज न चढवता. माय स्वयंपाकघरातून म्हणायची, "काऊन मारता हो लेकराले? भाकरच तं मागून राह्यला." भाकर 'मला' म्हटल्यावरच मिळायची.

थांबा. हे मी आधी सांगितलं ते तुम्ही माझ्या बाजूचे व्हावेत म्हणून. जुनी खोड आहे. त्यात माझ्या करणीचं कारण शोधू नका. मार खाल्लेली पुष्कळ पोरं मोठेपणी बापाला नीट पाणी देतात.

माय गेल्यावर नानांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग घराची गल्ली, मग माझं नाव. कविता मात्र शाबूत होत्या. अख्ख्या कविता, एकही शब्द न गाळता, क्रमिक पुस्तकातल्या त्याच शुद्ध मराठीत म्हणायचे. आणि कविता संपली की समोर पिंपळगावचं पोर! "मले तहान लागून राह्यली. पानी दे न बे."

त्यांच्या तोंडून पहिल्यांदा 'मले' ऐकलं तेव्हा मला काय वाटलं असेल? दया? नाही. आनंद झाला. बरे सापडलात, असं वाटलं.

मी पेला भरला, त्यांच्यासमोर धरला आणि म्हणालो, "मले नाही, मला."

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी पेल्याकडे हात नेला. मी पेला मागे घेतला.

पहिल्या दिवशी ती चेष्टा होती, असं मी स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी? आणि मग रोज? कॉलेजातून आलो की सुनीताला म्हणायचो, तू बस, नानांचं मी बघतो. पाणी, चहा, वरणभात — सगळं त्या एका शब्दावर अडवून धरायचो. भात निवून जायचा. त्यांचे डोळे भरायचे, ओठ धडपडायचे, आणि पुन्हा तेच — मले. मला बरं वाटायचं. हेच खरं आहे, बरं वाटायचं. सुनीता एकदा दारात येऊन म्हणाली, "देऊन टाका न त्याईले. काय खेळ लावला हा?" मी म्हणालो, मेंदूला सराव लागतो, डॉक्टरांनीच सांगितलंय. डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं.

शिवाय मी त्यांच्यावर आळ घेतला होता — ढोंग करतात. कवितेत 'मला' बरोबर येतं, मग पाणी मागतानाच कसं येत नाही? आणि खरं सांगू? उत्तर मला ठाऊक होतं. पाठ केलेली कविता एकीकडे असते आणि तहान दुसरीकडे. तहानेची भाषा त्यांना त्यांच्या आईनं दिलेली. बाकीचं सगळं नंतर वाकवून बसवलेलं. ते सुटलं, इतकंच. वर्गात हे मी तार दाखवून पाच मिनिटांत समजावलं असतं. घरी समजून घेतलं असतं तर थांबावं लागलं असतं.

मग एका दुपारी मी त्यांच्या पेटीतून पट्टी काढली. तीच पट्टी. हात पुढे करा, म्हणालो. त्यांनी लगेच केला — तळवा वर, बोटं जुळवलेली, मान खाली. म्हणाले, "मास्तर, आता नाही म्हनत. मारू नका मले."

म्हणजे त्यांनाही कुणीतरी असंच... हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. कळल्यावर मी काय केलं असेल? पुन्हा 'मले' म्हणालात, असं म्हणून मारलं. कडेनं.

एकदाच मारलं. हा 'एकदाच' मी स्वतःशी फार वापरलाय.

दुसऱ्या दिवशी ते मार विसरले होते. हातावर वळ कशाचा, म्हणून सुनीतालाच विचारत होते. सुटलो, असं मला वाटलं. मग मी पाणी घेऊन खोलीत गेलो — आणि त्यांनी हात पुढे केला. माझं नाव आठवत नव्हतं, मी त्यांचा कोण ते आठवत नव्हतं. पण मी आलो की तळवा वर करायचा, हे ते शिकले होते. सगळं गळून चाललेल्या त्या डोक्यात एवढी एक नवी गोष्ट शिरली. ती मी शिकवली.

'मला' त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. 'मले' मात्र त्यांनी टाकलं. नुसतं "पानी" म्हणायचे, मग तेही बंद झालं. घसा सुकला तरी सुनीता येईपर्यंत वाट बघायचे.

तेरवीला त्यांचे जुने विद्यार्थी आले होते. एकानं सरांच्या शुद्ध वाणीबद्दल भाषण केलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, असा श्रावणबाळ आजकाल कुठं मिळतो! मी हात जोडले. सुनीता उठून आत गेली.

शेवटची सकाळ सांगायची राहिली. शेवटचं पाणी मुलाच्या हातचं, म्हणून सुनीतानं पेला आणि चमचा माझ्याकडे दिला आणि ती बाजूला झाली. नानांचे डोळे मिटलेले होते. कविताही गेल्या होत्या. चमचा पेल्यावर वाजला. त्या आवाजासरशी गोधडीतून त्यांचा हात बाहेर आला, हळूहळू तळवा वर झाला, बोटं जुळली. मी चमचा ओठांना लावला. म्हणालो, नाना, घ्या. त्यांनी ओठ आवळून घेतले.

पाणी हनुवटीवरून उशीत गेलं. नाना तहानलेलेच गेले.